हौसाक्कांची भेटायची वेळ

मोशीत कुणाला दवाखान्यात दाखल केलं की ती बातमी आधी हौसाक्कांना कळायची, मग नातेवाइकांना. कधीकधी तर खुद्द पेशंटलाही ती त्यांच्याकडूनच कळायची. शेजारचे एक काका नुसते तपासायला म्हणून निघाले होते. ते रिक्षात बसत असताना हौसाक्का म्हणाल्या, "तपासाया नेत्यात म्हनं तुमाला, पन ठिवून घेत्यात बघा." संध्याकाळी काका खरोखरच खाटेवर होते आणि समोर स्टुलावर शहाळं घेऊन हौसाक्का होत्या.

हौसाक्का आमच्या घरमालकीण. साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, कपाळावर हिरवं गोंदण, नऊवारीचा काष्टा कायम घट्ट. मोशीतलं जुनं शेतकरी घर. जिथे त्यांचा ज्वारीचा तुकडा होता तिथे आता चार मजली बिल्डिंग होती. तिच्या चोवीस खोल्यांत चाकणच्या चोवीस तऱ्हेच्या कंपन्यांतली माणसं भाड्यानं राहत. आम्ही परभणीकडचे, दुसऱ्या मजल्यावर. खाली पार्किंगमध्ये दोन मोटारी आणि एक म्हैस. मोटारी त्यांच्या मुलाच्या, संपतदादांच्या; म्हैस आक्कांची. मध्यंतरी जागा कमी पडायला लागली, तेव्हा एक मोटार रस्त्यावर गेली. म्हैस होती तिथेच राहिली.

शेत गेल्यावर बाईमाणसानं दिवसभर करायचं काय, हा प्रश्न गावातल्या पुष्कळ घरांत होता. कुणी मालिका बघायला लागलं, कुणी आळंदीला कीर्तनाला जायला लागलं. आक्कांनी दवाखाने धरले. त्या स्वतः कधी आजारी पडल्या नव्हत्या. "मला सुई म्हनून ठाव न्हाई," हे त्या अभिमानानं सांगत. पण भोसरीपासून चाकणपर्यंत कुठल्या दवाखान्याचं कँटीन चांगलं, कुठली लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडकते, कुठला वॉचमन कुणाचा भाचा, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. पेशंटांचीही त्यांनी प्रतवारी केली होती. अतिदक्षता विभागातला पेशंट त्यांना आवडत नसे. "काचंतनं बघायचं, त्यात काय बोलनं न्हाई, काय न्हाई." बाळंतीण ठीक, पण तिच्या खाटेभोवती आधीच गर्दी. सगळ्यांत उत्तम पेशंट म्हणजे पाय मोडलेला. "पळून जात न्हाई आन बोलाया मोकळा."

भेटीची एक ठरलेली रीत होती. खाटेवरच बसायचं. "नेमकं झालं काय?" असं विचारायचं. पेशंटनं ती हकिकत त्या दिवशी तिसाव्यांदा सांगायची. मग आक्कांनी अगदी तसाच आजार झालेल्या दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट सांगायची. आक्कांच्या गोष्टीतला माणूस सहसा वाचत नसे.

आमची त्यांची खरी ओळख दवाखान्यातच झाली. बाबा चाकणला प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनवर कामाला. एका शिफ्टला त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं चेपली. भोसरीच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. परभणीहून माणूस यायला चौथा दिवस उजाडणार होता आणि इथे आम्हाला कुत्रं ओळखत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का आल्या. चार महिने आम्ही त्यांना फक्त नळाच्या पाण्यावरून ओरडताना ऐकलं होतं. त्या खाटेवर बसल्या, हकिकत ऐकली आणि कुदळवाडीच्या कुणाचा हात असाच चेपला आणि पुढे कोपरापासून कापावा लागला ते सविस्तर सांगू लागल्या. बाबांच्या कपाळावर घाम. माझ्या मनात आलं, ही बाई कधी उठणार?

तेवढ्यात त्या बोलता बोलता थांबल्या. त्यांची नजर बाबांच्या पायांकडे गेली. त्यांनी मला दंडाला धरून बाजूला घेतलं. "तुझी आई औषिध आनाया गेलीया, व्हय ना? तुज्या बापाला मघापासनं लघवीला लागलीया. एका हाताला पट्टी, दुसऱ्याला सलाईन. लेकीला कसं सांगंल? जा, त्या वार्डातल्या मामाला भांडं घेऊन बोलाव आन तू भाईर थांब."

खरंच तसं होतं. दोन तास मी बाबांच्या उशाशी बसून होते आणि मला काही दिसलं नव्हतं.

त्यानंतर सहा-सात महिन्यांनी माझी बारावी झाली, प्रवेश परीक्षा झाली आणि आकुर्डीकडच्या एका नर्सिंग कॉलेजात माझा नंबर लागला. घरात पेढे आले, पण ते फक्त आईनं आणि मी खाल्ले. बाबांच्या मनात वेगळंच होतं. त्यांच्या कंपनीला माल देणाऱ्या एका ठिकाणी पॅकिंगला मुली घेत होते. न्यायला-आणायला बस, डोक्याला टोपी, स्वच्छ काम. "लोकायचं हागणं-मुतणं काढायला शिकवलं का तुला?" ते म्हणाले. "अन रातपाळी. पोरीच्या जातीनं रातपाळी करावी का?"

हे सगळं आमच्या दारातून खाली पोचलं असावं, कारण थोड्याच वेळात आक्का जिना चढून वर आल्या. त्या कधी जिना चढत नसत. दारात उभ्या राहून त्यांनी आधी श्वास घेतला. बराच वेळ घेतला. मग म्हणाल्या, "काय ओ, तुमची बोटं बांधली कुनी?"

"डॉक्टरनं," बाबा म्हणाले.

"डाक्टर किती येळ हुता?"

"आला, बघितलं, गेला."

"आन बाकीचं चार दिस कोन हुतं?"

बाबांनी आपल्या बोटांकडे बघितलं.

"सिस्टर हुती. ती बी कुनाची लेकच न्हवं का? म्हंजी तुमची बोटं बांधाया लोकाची लेक, आन आपली लेक खोकी भराया?"

"पण आक्का, रातपाळी..."

"तुमी रातपाळीला जाता तवा कंपनीत काय भजन करता का?"

बाबांना हसू आवरेना. शेवटी ते म्हणाले, "तुम्ही म्हणायलात म्हणून जाऊ देतो. पण पोरीचं काही वाकडं झालं तर तुमच्यावर हाय."

बोलण्याच्या ओघात म्हणतात तसं ते म्हणाले होते. पण आक्कांनी ते शब्दशः घेतलं. त्या दिवसापासून कॉलेज सुरू होईपर्यंतचे दोन महिने मी त्यांच्या ताब्यात होते.

कॉलेजनं एक यादी दिली होती. गणवेशाचे दोन जोड, पांढरे बूट, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, केसांना जाळी, नखं कापलेली, आणि सर्टिफिकेटांची एक लांबलचक शेपटी. सर्टिफिकेटं माझी मी गोळा केली. उरलेली यादी घेऊन आक्का मला पिंपरीच्या बाजारात घेऊन गेल्या, लग्नाचा बस्ता बांधायला जावं तशा. बूट त्यांनी एक नंबर मोठे घ्यायला लावले. "दिसभर उभं ऱ्हायचंय. दुपारपातूर पाय सुजतो, तवा काय बूट फाडशील?" शिंप्याला सांगितलं, "खिसं मोठं ठेव." तो म्हणाला, "मावशी, कॉलेजचं माप ठरलेलं असतं." आक्का म्हणाल्या, "कालेजच्या मास्तरनीला एका हातात सुई आन दुसऱ्यात वही धरून चार खाटा फिराया लाव, मंग माप इचार." शिंप्यानं मुकाट्यानं खिसे मोठे शिवले. घड्याळ मात्र त्यांनी दुकानात नुसतं बघितलं. "सेकंद मोजाया घड्याळ लागतं व्हय? आमी पोटात पोर हुतं तवा कळा मोजल्या त्या काय घड्याळ बघून?"

मग शिकवणी सुरू झाली. दुपारी म्हशीचं उरकलं की आक्का त्यांच्या बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर आडव्या व्हायच्या आणि मी सिस्टर. रोज वेगळा पेशंट. एकदा त्या ऑपरेशन झालेली बाई झाल्या, एकदा मुलाशी भांडून आलेला म्हातारा, एकदा दारू पिऊन गाडीवरून पडलेला माणूस. तो दारुड्या त्यांनी इतका हुबेहूब वठवला की शेजारची बाई धावत आली. मी विचारायचे, "आक्का, आता मी काय करू?" त्या डोळे मिटूनच म्हणायच्या, "मला काय इचारती? माज्या तोंडाकडं बघ. पेशंट समदं मागतो. पानी मागतो, पोरगं मागतो, डाक्टर मागतो. भांडं मागत न्हाई. लाज वाटती. ते आपन वळखायचं."

पुढे कॉलेजात मला पुष्कळ जाड पुस्तकं वाचावी लागली. ही गोष्ट इतक्या थोडक्यात कुठेच सापडली नाही.

प्रत्यक्ष दवाखाना दाखवायलाही त्या मला घेऊन गेल्या. गावातली एक बाई पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी एका मोठ्या दवाखान्यात होती. भेटायची वेळ चार ते सहा आणि आम्ही पोचलो दुपारी दोनला. दारात वॉचमन. आक्कांनी पिशवीतून एक मोठं पिवळं पाकीट काढलं, एक्स-रेचं. त्यात त्यांच्या वारलेल्या नवऱ्याचा छातीचा एक्स-रे होता, जुना, कडा मुडपलेला. ते पाकीट छातीशी धरून, चेहरा पाडून त्या सरळ आत गेल्या. वॉचमन बाजूला झाला. लिफ्टमध्ये मला म्हणाल्या, "एक्स-रे हातात आसला की कोन आडवत न्हाई. मानूस गेला, पन आजून मला सगळ्या दवाखान्यात घिऊन जातोय."

वर गेल्यावर मात्र वॉर्डच्या सिस्टरनं त्यांना पकडलं. उंच, सावळी, चाळिशीची बाई. आक्का खाटेवर बसून पित्ताशयवाल्या बाईला दगावलेल्या कुणाची तरी गोष्ट सांगत होत्या. सिस्टर म्हणाली, "आजी, खाटेवरून उठा. वेळ चारची आहे. आणि पेशंटला घाबरवू नका." आक्का उठल्या, पण जाताना तिच्याकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "बघितलं? सिस्टर आशी पायजे. माजं बी ऐकलं न्हाई तिनं." अपमान झालेला माणूस इतका खूष झालेला मी नंतर कधी पाहिला नाही.

आता संपतदादांबद्दल सांगायला हवं. आक्कांचा हा एकुलता एक मुलगा. पांढरा शर्ट, गळ्यात साखळी, आणि पुढच्या निवडणुकीला उभं राहायचं असा पंधरा वर्षांपासूनचा निश्चय. त्यांनी वॉर्डातल्या ज्येष्ठ नागरिकांना बीपी मोजायची मशीनं वाटली होती. प्रत्येक मशीनवर त्यांचा हात जोडलेला फोटो चिकटवलेला. घरी उरलेल्या मशीनवर आक्का मला सराव करायला लावायच्या. पट्टा बांधायचा, बटण दाबायचं, आकडा वाचायचा. वरचा आकडा कधी ब्याण्णव यायचा, कधी अठ्ठ्याऐंशी. आक्का म्हणायच्या, "नार्मल." मीही वहीत नॉर्मल लिहायचे.

एका दुपारी माझ्या लक्षात आलं की दादांच्या फोटोचा कोपरा काचेवर चढलाय. मी नखानं तो कोपरा सोलला. खालून एक आकडा निघाला. ब्याण्णवच्या अलीकडे एक होता. एकशे ब्याण्णव. इतके दिवस दादांच्या जोडलेल्या हातांखाली शंभर झाकलेले होते.

"आक्का, हे जास्त आहे. खूप जास्त आहे."

त्यांनी आकड्याकडे बघितलंसुद्धा नाही. "इलेक्शनचं मशीन हाय. आकडं फुगवूनच सांगनार."

मी पुन्हा मोजलं. एकशे अठ्ठ्याण्णव. जिना चढल्यावरचा तो त्यांचा लांब श्वास मला आठवला. मी म्हटलं, आपण डॉक्टरांना दाखवू, दादांना सांगू. आक्का उठून बसल्या. त्यांचा तो चेहरा मी तोपर्यंत पाहिला नव्हता. ज्या बाईला भोसरी ते चाकण एकही दवाखाना परका नव्हता, ती घाबरली होती.

"परतिक्षा," त्या म्हणाल्या. त्यांना माझं नाव धड कधीच म्हणता आलं नाही. "मी दवाखान्यात भेटाया जाते. ऱ्हायला न्हाई. ह्यांना बी असंच तपासाया नेलं हुतं. तू कुनाला बोललीस तर माजं मेलेलं तोंड बघशील."

आणि मी गप्प बसले. एक तर शपथ. दुसरं, माझं कॉलेज त्यांच्या शब्दावर उभं होतं आणि त्यांच्याशी वाकडं घेण्याची माझी छाती नव्हती. तीन आठवडे मी रोज तो आकडा बघत होते आणि वहीत नॉर्मल लिहीत होते. सिस्टर व्हायच्या आधीच मला खोटी नोंद करायची सवय लागली, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आज लिहितेय.

मग संपतदादांनी आरोग्य शिबिर घेतलं. भव्य, मोफत आणि सर्वरोगनिदान. गावाच्या कमानीपासून देवळापर्यंत फ्लेक्स. सगळ्यांत मोठा फोटो दादांचा, त्याच्याखाली त्यांच्या मित्रांचे, आणि एका कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढा, तपासणाऱ्या डॉक्टरांचा. साखर तपासायची असल्यानं लोकांना उपाशीपोटी सकाळी आठला बोलावलं होतं. प्रमुख पाहुणे साडेअकराला आले. तोपर्यंत तीन म्हातारे चक्कर येऊन आडवे झाले होते. निवेदक माइकवरून सांगत होता, "बघा, शिबिराची किती गरज आहे!" पाहुणे आल्यावर सत्कार सुरू झाले. शाल, नारळ, फेटा. ज्यांचे सत्कार झाले त्यांनी इतरांचे सत्कार केले. मलाही वर बोलावलं. "आपल्या प्रभागाची कन्या, भावी परिचारिका!" बाबा शिफ्ट बदलून आले होते. शाल खांद्यावर पडताना त्यांनी डोळे पुसलेले मी पाहिले.

उद्घाटनासाठी फीत कापायची नाही असं दादांनी ठरवलं होतं. नवीन कल्पना होती. आईसाहेबांचं बीपी मोजून शिबिराचं उद्घाटन, आणि मोजणार भावी परिचारिका. डॉक्टरांनी आपलं मशीन टेबलावर ठेवलं. आक्का पैठणी नेसून सोफ्यावर बसल्या होत्या. मी पट्टा बांधला. फोटोग्राफर म्हणाला, "ताई, इकडे बघा." मी मशीनकडे बघत होते.

या मशीनवर कुणाचा फोटो नव्हता.

आक्का ओठ न हलवता म्हणाल्या, "नार्मल म्हन."

निवेदकानं माइक माझ्या तोंडासमोर धरला. "सांगा ताई, आमच्या आईसाहेबांचं बीपी किती?"

समोर पाचशे माणसं. पहिल्या रांगेत बाबा. मला शपथ आठवत होती, कॉलेज आठवत होतं, आणि त्याहून जास्त ती वही आठवत होती. मी म्हणाले, "वरचं दोनशे चार. खालचं एकशे सोळा."

"दोनशे चार!" निवेदक ओरडला. "जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!"

आणि टाळ्या झाल्या. अख्ख्या मांडवानं टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी शिट्टी मारली. आकडा मोठा म्हणजे चांगलाच असणार, शिवाय दादांच्या आईचा. एकटे डॉक्टर टाळी न वाजवता उठले आणि आक्कांजवळ येऊन बसले. "आजी, डोकं दुखतंय का?"

"भाषनं ऐकून दुखतंय," आक्का म्हणाल्या. पण त्यांचा आवाज बारीक झाला होता. मांडवातून त्यांना थेट दवाखान्यात नेलं. गाडीत चढताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

दादांनी त्यांच्यासाठी सगळ्यांत महागडी स्वतंत्र खोली घेतली. पित्ताशयवाल्या बाईचाच तो दवाखाना होता आणि मजलाही तोच. दोन दिवस मला निरोप आला नाही. मी जायचे, खाली बाकड्यावर बसायचे आणि परत यायचे. माझं कॉलेज तीन दिवसांवर आलं होतं आणि मला वाटत होतं, बाबांनी म्हटलं ते उलटं झालं. वाकडं आक्कांचं झालं, आणि जबाबदारी माझ्यावर.

तिसऱ्या दिवशी आक्कांचा फोन आला. "ये. आन ती कापडं घालून ये."

"गणवेश? आक्का, अजून कॉलेज सुरू नाही झालं. असा घालता येत नाही."

"मंग बूट तरी घाल."

मी पांढरे बूट घातले, केसांचा अंबाडा घालून जाळी लावली आणि गेले. चारचा सुमार होता. खोलीबाहेर जत्रा. आक्का आजवर ज्या ज्या पेशंटला भेटून आल्या होत्या तो प्रत्येक जण आज त्यांना भेटायला आला होता. कुदळवाडी, चिखली, चऱ्होली, आळंदी. पित्ताशयवाली बाई, रिक्षातले काका, कधीकाळी पाय मोडलेले आणि आता चालणारे. आत त्यांच्या खाटेवर तीन बायका बसल्या होत्या. "नेमकं झालं काय?" एकीनं विचारलं. उत्तराची वाट न बघता दुसरी म्हणाली, "आमच्या चुलत्याचं अस्संच. सकाळी चहा प्याला, दुपारी तोंड वाकडं, संध्याकाळी..." तिनं हात वर केला. आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, चादर गळ्यापर्यंत ओढून. त्यांच्या चादरीखालचा पाय हलत होता.

मी तिन्ही बायकांना बाहेर काढलं. कसं काढलं ते मला आठवत नाही. मग भांडं दिलं. आक्कांनी डोळे मिटून घेतले आणि बरंच नंतर म्हणाल्या, "ल्हान आवाजात बोललीस. बरं केलंस."

ती उंच सिस्टर आत आली. तिनं मला तक्ता दाखवला. सकाळी बीपी उतरलेलं, संध्याकाळी चढलेलं. रोज तसंच. "औषध काम करतंय," ती म्हणाली, "पण चार ते सहामध्ये सगळं वाया जातंय. तू यांची कोण?"

"भाडेकरू."

"दारात बस. एका वेळी एक माणूस, दोन मिनिटं. आजारांच्या गोष्टी बंद."

मी स्टूल घेऊन दारात बसले. पहिलेच आले संपतदादा, चार कार्यकर्ते आणि फोटोग्राफर घेऊन. मी उठून उभी राहिले. "दादा, तुम्ही एकटे जा. फोटो नको."

"अगं, माझी आई आहे ती."

"म्हणूनच."

आम्ही त्यांच्या खोलीत भाड्यानं राहत होतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आतून आवाज आला, "संप्या, सिस्टर काय म्हनतीया ते ऐक." दादा एकटे आत गेले. दोन मिनिटांनी बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि फोटोग्राफरला ते बघायला नको म्हणून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्या दिवसापुरते ते मला उमेदवार वाटले नाहीत.

सहा वाजता सगळे गेल्यावर आक्कांनी मला आत बोलावलं. नजर पंख्याकडे होती. मग म्हणाल्या, "मी बी आसंच बोलत हुते का गं? लोकांपाशी जाऊन?"

"नाही," मी म्हणाले.

"खोटं नगं बोलू. तुला जमत न्हाई." थोड्या वेळानं, "तुज्या बापाला मी हात कापल्याचं सांगितलं हुतं. त्याला घाम आला हुता. मला वाटलं, उकडतंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माइकात बोललीस म्हनून मी हाय आज. पन घरी का न्हाई बोललीस? मी शपथ घातली म्हनून? तुज्या पेशंटनं शपथ घातली की तू असंच गप बसनार का?"

मी त्यांची चादर सारखी केली. त्या म्हणाल्या, "जा आता. कालेज हाय तुजं."

कॉलेजच्या पहिल्या दिवशी बाईंनी प्रत्येकीला उभं करून विचारलं, नर्सिंगला का यावंसं वाटलं? साठ जणींनी साठ वेळा "रुग्णसेवा" सांगितलं. मीही तेच सांगितलं. वेगळं बोलायची हिंमत एका माइकवर संपली होती.

वर्षभरानं आम्ही मोशी सोडली. बाबांची कंपनी बदलली, मी हॉस्टेलला गेले. आक्का बऱ्या होऊन घरी आल्याचं, गोळ्या रोज घेत असल्याचं आई सांगायची. दादा निवडणुकीला उभे राहिले आणि पडले, हेही कळलं. भेट मात्र झाली नाही.

तिसऱ्या वर्षी माझी ड्यूटी एका मोठ्या दवाखान्यातल्या पुरुषांच्या वॉर्डात होती. तिथे ओडिशाकडचा एक माणूस होता, पंचेचाळीसएक वर्षांचा. चाकणच्या एका गोदामात रॅकवरून पडून मांडीचं हाड मोडलेलं. सहा दिवस झाले, त्याला भेटायला कुणी आलेलं नव्हतं. त्याला मराठी येत नव्हती, हिंदी जेमतेम. जेवणाचं ताट आलं की तो भिंतीकडे तोंड करायचा.

सातव्या दिवशी चारनंतर मी वॉर्डात शिरले तर त्याच्या खाटेशेजारी स्टुलावर हौसाक्का. खाटेवर नाही, स्टुलावर. बारीक झाल्या होत्या, पण काष्टा तसाच घट्ट. मांडीवर हात ठेवून त्या नुसत्या बसल्या होत्या. तो माणूस त्यांच्याकडे तोंड करून झोपला होता.

मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "आक्का! इथे कोण तुमचं?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मान हलवली, ठीक आहे अशी. मग कुजबुजल्या, "कोन न्हाई. आमचा येक जन वरच्या मजल्यावर हाय, मी चुकून हितं शिरले. ह्याच्याजवळ कोन दिसंना."

"काही बोलला का तो?"

"त्याचं मला कळंना, माजं त्याला कळंना. मंग उगी कशाला तोंड चालवायचं?"

"चला, चहा घेऊ. माझी सुट्टी होईल आता."

त्यांनी त्या माणसाकडे बघितलं. मग मला हातानंच खूण केली, तू जा, तुझं काम कर. "आत्ताच डोळा लागलाय त्याचा," त्या म्हणाल्या. "उठला की कोनतरी दिसू दे."